चंद्रीने सगळ्यांना हैदराबादला नेलं

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला करवंदवाडी नावाचा पंचवीस-तीस झोपड्यांचा पाडा आहे. तिथे मेलेलं माणूस कायमचं जात नाही, असं सगळे धरून चालतात. ते चार पावसाळे कुठेतरी थांबतं आणि आपल्याच घरात पोर होऊन परत येतं. कोण परत आलं हे पोराला काही सांगता येत नाही, म्हणून ते भगत सांगतो. पाचव्या दिवशी काशाच्या ताटात पाणी घ्यायचं, त्यावर सालासकट भाताचे दोन दाणे अलगद सोडायचे आणि घरातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावाला दाणे तरंगत येऊन एकमेकांना चिकटले, ते माणूस आलं. पोराचं नाव तेच ठेवायचं.

चंद्रीच्या पोराच्या वेळी दाणे चिकटले, पण भलत्याच घरच्या माणसाला.

चंद्री बुटकी, करवंदाच्या रंगाची, कामाला वाघीण आणि बोलायला कंजूष. नवरा सखा पावसाळ्यात भात लावायचा आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचा तो वैशाखात परत यायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त कानाने हलका. एकाने सांगितलं की पूर्व, दुसऱ्याने सांगितलं की पश्चिम. माघात पोर झालं तेव्हा तो भिवंडीकडच्या भट्टीवर विटा थापत होता. सासरा वारून बरीच वर्षं झालेली. घरात पुरुषमाणूस नाही, म्हणून नावं सांगायला सासू बसली, भिकी.

भिकीने नावं सांगितली. दाणे एक ताटाच्या या कडेला, एक त्या कडेला, जावाजावा भांडून बसल्यासारखे. सासरकडची नावं संपली. चंद्रीच्या माहेरची झाली. दाणे हलेनात. भगताला दुसरीकडे जायचं होतं, तो घाई करायला लागला. तेव्हा गोदू सुईण, चांगल्या मनाने म्हणा, पण बोलून गेली, "देऊचं नाव घेऊन बघा की. भला माणूस होता, जाऊन चार पावसाळे झाले." देऊ हा खालच्या अंगाच्या घरातला म्हातारा. भगताने नाव घेतलं आणि दोन्ही दाणे सुळकन जवळ आले.

झोपडीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण देऊ मेला तरी देऊचा मुलगा बाळा जिवंत होता, आणि बाळा, चंद्री आणि आणखी चार बायका डोक्यावर मोळ्या घेऊन बदलापूरच्या बाजाराला एकाच वाटेने उतरायच्या. त्या चार बायकांचा मात्र सगळ्यांना एकदम विसर पडला. शिवाय पोर महिनाभर आधीच आलेलं, नऊ महिने मागे मोजले तर सखा अजून भट्टीवरच. बायकांनी पदराआड बोटं मोजली आणि बोटांनी हवं तेच सांगितलं.

सखा वैशाखात परत आला. घरी पोचायच्या आधी, धरणाच्या बांधावरच त्याला तिघांनी गाठून सांगितलं. घरी येऊन तो पोराकडे बघेना. दुसऱ्या दिवशी पाणी पिता पिता म्हणाला, "त्याचं घर खाली हाय. तिकडं ने."

"तुझ्या डोळ्यांनी काय बघितलंस?" चंद्रीने विचारलं.

"मी कशाला बघू? भगतानं बघितलं."

चंद्रीने पोराला पाठीला बांधलं आणि ती अंबरनाथला बुवापाड्यात पुतळीमावशीकडे आली. रडली नाही. पुतळीमावशी आल्यागेल्याला सांगायची, "ही पोरगी आली तेव्हा डोळे कोरडे आणि दात घट्ट. मी म्हटलं, रडली असती तर बरं झालं असतं. रडणारी बाई चार दिवसांत जागेवर येते. हिचं काय खरं नाय."

अंबरनाथच्या एका फॅक्टरीतल्या साहेबांच्या बंगल्यात ती धुणीभांडी करायला लागली. साहेबांचं नाव श्यामकांत. पेपर मोठ्याने वाचायची सवय, घरात कोणी ऐको न ऐको. बाई कुंदाताई. त्या मात्र सगळं ऐकायच्या, न बोललेलंही. चंद्रीने मुलाचं नाव देऊच ठेवलं होतं. मावशी म्हणाली, "बदल की गो. त्या नावानंच घात केला." चंद्री म्हणाली, "नावानं काय केलं? केलं माणसांनी."

अशी चार वर्षं गेली, आणि तशीच आणखी चाळीस जातील असं वाटत होतं. मग शेजारच्या पाड्यात चंद्रीच्या चुलतभावाचं लग्न निघालं. दोन्हीकडचे लोक आलेले. पोरांची पंगत बसली तेव्हा देऊ आपला जाऊन बसला, नेमका सखाच्या चुलतभावाच्या पोरांच्या मधे. त्याला काय माहीत. पुढ्यात पत्रावळ आली, भात आला, वर वरण पडलं. तेवढ्यात सखाच्या घरच्या एका म्हाताऱ्याने त्याला काखेत धरून उचललं आणि मांजराचं पिल्लू बाजूला ठेवावं तसं अंगणाच्या कडेला ठेवलं. "हा आपल्यातला नाय," म्हातारा वाढप्याला म्हणाला. रागाने नाही, माहिती दिल्यासारखं.

देऊ आईकडे आला. हाताला भात चिकटलेला. "आई, मी कोणातला?"

चंद्रीने त्याचा हात धुतला. थापा मारायची तिला सवय नव्हती, आणि खरं सांगून कोणी मानत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने कुंदाताईंची कढई इतकी घासली की तळात तोंड दिसायला लागलं. कुंदाताई म्हणाल्या, "अगं, भोक पाडतेस की काय? काय झालं?"

झालं ते तिने सांगितलं. श्यामकांत साहेब पेपरआडून म्हणाले, "हल्ली रक्तावरून बाप कळतो. तिकडे केरळात कोर्टाने मानलंय. मी तेव्हाच वाचून दाखवलं होतं, पण या घरात लक्ष कोणाचं असतं?"

चंद्रीचे हात थांबले. "रक्तावरून कळतं? नक्की कळतं?"

"नक्की," साहेब म्हणाले.

"भगत लागत नाय?"

"नाही. यंत्र लागतं."

कुंदाताईंची धाकटी बहीण उमा उल्हासनगरच्या कोर्टात वकिली करायची. तिचं ऑफिस कॅम्प एकमध्ये, पापडवाल्या सिंधी शेठच्या दुकानावर. जिना चढताना हिंगाचा वास, वरती धुळीचा. दारात श्रीपाद कारकून बसलेले, साठीचे, कानावर पेन. त्यांनी चंद्रीला बाकड्यावर बसवलं आणि देऊला खालून एक पापड आणून दिला.

उमाताईंनी सगळं ऐकलं आणि त्या हसून म्हणाल्या, "मग एवढी काळजी कसली? तुझं लग्न झालंय. लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदाच धरून चालतो. टेस्टबिस्ट काही लागत नाही."

"म्हंजे कायदा डोळे मिटून हो म्हणतो?"

"तसंच समज."

"आणि माझा नवरा डोळे मिटून नाय म्हणतो. मंग दोघांत फरक काय, ताई? मला डोळे उघडून हो म्हणणारं पायजे."

उमाताईंनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. मग श्रीपादांना म्हणाल्या, "काका, कोरा कागद घ्या."

कोर्ट काही उगाच बसत नाही, काहीतरी मागावं लागतं. म्हणून मुलाच्या पोटगीचा अर्ज घातला. सखाला समन्स गेलं. तारखेला सखा आला, धुतलेला सदरा घालून, आणि मागे भिकी. चंद्री पिंजऱ्यात उभी राहिली. शिपायाने विचारलं, "नवऱ्याचं नाव सांगा."

चंद्री गप्प. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं, हे त्या डोंगरात पोरी दुधाबरोबर शिकतात.

"अहो बाई, नाव."

"देऊचा बाप," चंद्री म्हणाली.

कोर्टात हसू फुटलं. जजसाहेबही हसले. "बाई, तेच तर ठरवायला आलाय ना तुम्ही?"

सखाने सांगितलं की पोर माझं नाही. उमाताई उठून म्हणाल्या की मग रक्त तपासा, आमची बाई तयार आहे. जजसाहेबांना ते फारसं पटत नव्हतं. असल्या गोष्टी सहसा कोर्ट करत नाही, आणि कोणाला जबरदस्ती तर नाहीच, असं त्यांनी समजावलं. मग त्यांनी सखाला विचारलं, "तुम्ही द्याल रक्त?"

"रक्त द्याया मी काय जत्रेतला कोंबडा हाय?" सखा म्हणाला.

तेव्हा मागच्या बाकावरून भिकी उठली. कोर्टात मधे बोलायचं नसतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तरी फरक पडला नसता. "देल," ती म्हणाली. "तो रक्त देल. मी आणते त्याला."

सखा आईकडे वळून बघत राहिला. चंद्रीसुद्धा. चार वर्षांत म्हातारीने नातवाची चौकशी केली नव्हती, पण बदलापूरच्या बाजारात लांबून दिसला की टोपली खाली ठेवून बघत उभी राहायची, हे चंद्रीने पाहिलं होतं.

तपासणी हैदराबादला व्हायची. खर्चाचं काय ते दोघी बहिणींनी आपसांत बघितलं. कोर्टाने फोटोंवर शिक्के मारले, उमाताईंनी सोबत श्रीपाद काकांना धाडलं, आणि एका दुपारी कल्याणहून ही वरात निघाली. एका बाकड्यावर चंद्री, देऊ आणि काका, समोर सखा आणि भिकी. नवराबायको पाच वर्षांनी एवढ्या जवळ बसले होते आणि दोघेही खिडकीबाहेर बघत होते, एकाच खिडकीतून.

कर्जत सोडलं. गाडी घाटाला लागली. देऊ बोगदे मोजत होता. भिकीने फडक्यातून नाचणीच्या भाकरी काढल्या, चंद्रीने सुक्या जवळ्याची चटणी काढली. सखाने आईच्या भाकरीवर बायकोची चटणी घेतली, विचारलं नाही. चंद्रीनेही पाहिलं नाही असं केलं.

जेवण झाल्यावर श्रीपाद काकांनी चष्मा लावून तपासणीचे कागद काढले. "उद्या घाई होईल, आत्ताच भरून टाकू. सखा, पूर्ण नाव? वडिलांचं काय?" सखा तोंड धुवायला गेलेला. काका भिकीकडे वळले. "आजी, तुमच्या यजमानांचं नाव काय होतं?"

भिकीने पदर पुढे ओढला. "सखा येल, तो सांगल."

"तुम्हीच सांगा की. दोन अक्षरं तर असतील."

"मी कशी सांगू? मी नाय घेत."

"ते जाऊन किती वर्षं झाली, आजी."

"म्हणून काय झालं? चाळीस वर्षांत कधी घेतलं नाय. आता आगगाडीत घेऊ?"

काका हसले. चंद्री मात्र हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "आत्या." सासूला ती आत्या म्हणायची, सासऱ्याला मामा. "पाचवीच्या दिवशी नावं कोण सांगत होतं?"

"मीच की."

"मामांचं नाव सांगितलंस?"

पुढचा बोगदा आला आणि गेला. परत उजेड झाला तेव्हा म्हातारी ओल्या डोळ्यांनी मांडीवरचं फडकं घडी करत होती, उलगडत होती, परत घडी करत होती. ज्या तोंडातून ते नाव जन्मात कोणी ऐकलं नव्हतं, त्या तोंडातून त्या दिवशीही आलं नाही, हे त्या गर्दीत कोणाच्या ध्यानात यावं? खुद्द तिच्या ध्यानात आलं ते फार नंतर. आणि तोवर सूनही गेली होती, लेकाचं तोंडही फिरलं होतं. मग तिला बोलायची भीती वाटली.

"कोर्टात म्हणून तर उठले," भिकी म्हणाली. "मना वाटलं, रक्ताला तरी नाव सांगायला लागत नसंल."

सखा तोंड पुसत येऊन बसला. काकांनी विचारलं, त्याने सांगितलं, "पदू." काकांनी लिहून घेतलं. मग भिकीने आपणच लेकाला सगळं सांगितलं, मान खाली घालून, एका दमात.

सखाचा चेहरा असा मोकळा झाला की जणू कोणी पाठीवरची मोळी उतरवली. "मंग झालंच की," तो म्हणाला. "बाचं नावच घेतलं नाय, तर दाणे चिकटतील कसे? पोर आपलंच. पुण्याला उतरू, परत फिरू. कशाला सुया टोचून घ्यायच्या?"

काकांनी चंद्रीकडे बघितलं. भिकीनेही. म्हातारीला वाटलं, सुटलो.

"नाय," चंद्री म्हणाली.

"आता काय नाय? मी हो म्हणतोय."

"दाणे लांब गेले तेव्हा तू नाय म्हणालास. आता दाण्यांची चूक निघाली म्हणून हो म्हणतोस. उद्या कोणी तिसरं कायतरी सांगल, परत नाय म्हणशील. तुझं हो नि तुझं नाय, दोन्ही दुसऱ्याच्या ताटातलं. माझ्या पोराला तेवढ्यावर नाय बसवायचं मी."

"आणि मला सुईचं भ्या वाटतं," सखा खालच्या आवाजात म्हणाला.

"मलापण वाटतं," देऊ म्हणाला.

त्यावर चंद्रीला हसू आलं, पण पुण्याला कोणी उतरलं नाही.

हैदराबादच्या त्या मोठ्या सरकारी इमारतीत सगळं पांढरं आणि गार. फोटो आणि चेहरे ताडून बघितले, अंगठे घेतले. आधी चंद्रीचं रक्त घेतलं. मग देऊला बसवलं तसा तो पाय झाडायला लागला. पांढऱ्या कोटातला माणूस हिंदीत ओरडला, "बाप कौन है? पकड़ो बच्चे को."

कोणी हललं नाही. सखा भिंतीला चिकटून उभा होता. त्या माणसाने परत विचारलं. भिकीने लेकाच्या पाठीत कोपर खुपसलं. सखा पुढे झाला, पोराला मांडीवर घेतलं आणि दंड धरला. पहिल्यांदाच धरत होता, म्हणून जरा जास्तच घट्ट. देऊने सुईकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाला, "तू डोळे कशाला मिटलेस?"

मग सखाची पाळी आली. साप हाताने धरून लांब फेकणारा तो माणूस, तिथे पांढरा पडला आणि त्याला आडवं करावं लागलं. चंद्रीने त्याला पाणी दिलं.

चार महिने गेले. कागद कोर्टाकडे आला, लाखेचं सील लावून. उमाताईंनी वाचला आणि मग मराठीत सांगितला. देऊचा बाप सखा पदू शिद हाच. जजसाहेबांनी सखाला विचारलं, आता काय म्हणणं आहे? सखा म्हणाला, "म्हणणं काय नाय, साहेब. बायकोला नि पोराला न्यायचंय." उमाताईंना वाटलं, चला, गोड झालं.

"मी येत नाय," चंद्री म्हणाली. "आधी हा कागद वाडीत वाचायचा. आणि तो यानं उभं राहून ऐकवायचा, दुसऱ्यानं नाय."

सखाला वाचता येत नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी एकेक वाक्य सांगितलं आणि सखाने ते सगळ्या वाडीपुढे मोठ्याने म्हटलं, चुकत, थांबत. भिकीने त्यानंतर उठून आपली चूकही सांगितली, नवऱ्याचं नाव न घेता. ते मास्तरांकडून वदवलं. भगत म्हणाला, "बघा, दाणे खोटं बोलले नव्हते. मना नावच दिलं नाय कोणी." त्याचंही बरोबरच होतं म्हणा. लगेच तो म्हणाला की परत ताट मांडू, नाव बदलून पदू ठेवू. चंद्री म्हणाली, "नाव देऊच राहील. पाच वर्षं त्यानं ते ओझं वाहिलंय, आता फुकटचं नको काढून घ्यायला."

सभा मोडली तेव्हा एक बाई तिच्या मागे मागे आली. वेणू, बाळाची बायको. दाणे चिकटले त्या वर्षी ती नवऱ्याला सोडून माहेरी गेली होती, आणि परत आल्यावरही दोघांत धड बोलणं नव्हतं. तिने ओटीतून कुरडूच्या भाजीची जुडी काढून चंद्रीच्या हातात दिली. "माझ्याकडनं," म्हणाली. चंद्रीने जुडी घेतली. खालच्या अंगाला बाळा कुऱ्हाडीला धार लावत बसला होता, त्याने वर बघितलं, आणि बऱ्याच वर्षांनी बायकोला हाक मारली. त्या एका कागदाने किती घरांच्या चुली पेटल्या ते हैदराबादच्या माणसांना कधी कळायचं नाही.

चंद्री मात्र बुवापाड्यात परत आली. काम होतं, मावशी होती, जूनमध्ये देऊची शाळा होती. सखा आठ दिवसांनी आला. बगलेत बोचकं. दारात उभा.

"जावई आले गो," मावशीने आतून सांगितलं. "चहा टाकू का काठी काढू?"

"चहा टाक," चंद्री म्हणाली, आणि सखाला विचारलं, "राहायला आलास?"

"भट्टी सोडली. हितं एमआयडीसीत लोडिंगचं काम बघितलंय. आय म्हणाली, ती वर यायची नाय, तूच उतर."

"राहा. पण एक काम तुझं. रोज याला शाळेत तू न्यायचा, तूच आणायचा. मागच्या गल्लीनं नाय. पुढच्या रस्त्यानं, नळावरनं, सगळ्यांच्या समोरनं."

"रोज?"

"चौथी होईपर्यंत रोज."

सखाने बोचकं खाली ठेवलं. मान हलवली.

सोमवारी सकाळी नळावर बायकांची रांग लागलेली. सखा देऊला घेऊन निघाला. पोराच्या खांद्याला नवी पिशवी, बापाच्या हातात पाण्याची बाटली. एकीने मुद्दाम विचारलं, "कोणाचा रं हा?"

सखा थांबला. देऊही थांबला आणि वर बघायला लागला.

"माझा," सखा म्हणाला. "उशीर होतोय, मावशे, बादली बाजूला घे."